वाकडं जुळलेलं हाड आणि मेडिकल कॉलेजातली तक्रार

मेडिकल कॉलेजातल्या रॅगिंगची, छळाची बातमी आली की दोन आवाज ऐकू येतात. बाहेरचे म्हणतात, काढून टाका त्यांना. आतले म्हणतात, मुलांच्या करिअरचा प्रश्न आहे, मिटवून टाका.

मिटवून टाकणं म्हणजे काय, हे मी अनुभवलंय. रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी, रात्री अडीचच्या सुमारास, एका पेशंटचा पोटॅशियमचा रिपोर्ट आणायला मला उशीर झाला म्हणून सिनियरने केसपेपर माझ्या अंगावर भिरकावला. नातेवाईक बघत होते. पानं कॉटखाली गेली. मी गुडघ्यांवर बसून ती गोळा करत होते आणि शेजारच्या कॉटवरच्या मुलाची आई खाली वाकून एकेक पान झटकून माझ्या हातात देत होती. सकाळी कुणीतरी एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, सरांच्या कानावर घातलं. केबिनमध्ये बोलावणं आलं, चहा आला. "दोघंही मला मुलांसारखे आहात. हात मिळवा, विषय संपवा." आम्ही हात मिळवले. चार मिनिटं लागली असतील. पुढचा महिनाभर त्या युनिटमध्ये माझ्याशी कामापलीकडे कुणी बोललं नाही, आणि कोणता पेशंट बिघडतोय हे मला सिस्टरांकडून कळायचं.

हाड मोडलं की आधी ते जागेवर बसवतात, मग प्लास्टर घालतात. न बसवताच प्लास्टर घातलं तरी हाड जुळतं, पण वाकडं. त्या दिवशी केबिनमध्ये नुसतं प्लास्टर घातलं गेलं.

हाकलणं आणि मिटवणं यांच्यापलीकडची एक वाट परदेशातल्या काही वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय महाविद्यालयांनी चालून पाहिली आहे. तिला पुनर्स्थापक न्याय म्हणतात. नाव जड आहे, म्हणून पुढे मी 'सांधणारा न्याय' एवढंच म्हणेन. ही वाट नेमकी कशी आहे, ती कुठे चालते आणि कुठे अजिबात चालू नये, हे समजून घेणं आपल्याला गरजेचं आहे. कारण उद्या एखाद्या कॉलेजने हेच नाव लावून जुनी मिटवामिटवी पुढे केली, तर ती आपल्याला ओळखता आली पाहिजे.

मूळ कल्पना

शेजाऱ्याने बांध कोरला. तुम्ही कोर्टात गेलात, तारखांवर तारखा पडल्या, अखेर त्याला दंड झाला. दंड सरकारजमा झाला. पण बांध परत कुणी घातला? आणि पाण्याच्या पाळीसाठी उद्या तुम्हाला त्याच माणसाशी बोलायचंय, त्याचं काय?

नेहमीची चौकशी तीन गोष्टी विचारते: कोणता नियम मोडला, कुणी मोडला, शिक्षा किती. सांधणारा न्याय वेगळं विचारतो: कुणाला काय इजा झाली, त्या माणसाला आता कशाची गरज आहे, आणि ती गरज भागवणं कुणाचं काम आहे. पहिल्या पद्धतीत ज्याला इजा झाली तो नुसता साक्षीदार असतो. दुसऱ्या पद्धतीत गोष्ट त्याच्यापासून सुरू होते.

याची एक जुनी गोष्ट नेहमी सांगितली जाते. 1974 साली कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत 22 ठिकाणी मोडतोड केली. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवलं की या दोघांना प्रत्येक घरी पाठवून बघू. न्यायाधीशांनी मान्य केलं. ती मुलं दारोदार गेली, लोकांचं ऐकून घेतलं आणि नंतर नुकसानीचे पैसे भरले. पुढे 1989 साली न्यूझीलंडने मुलांविषयीच्या कायद्यातच अशी कौटुंबिक बैठक आणली. आमची मुलं आमच्यापासून तोडून संस्थांत टाकली जातात, ही तिथल्या मूळनिवासी माओरी समाजाची तक्रार त्यामागे होती.

मेडिकल कॉलेजातच हे का

कारण मेडिकल कॉलेज गावासारखं असतं, किंबहुना वाड्यासारखं. पीजीची तीन वर्षं तेच युनिट, तीच ओपीडी, तेच क्वार्टर, तीच मेस. ज्याने केसपेपर भिरकावला तोच दुसऱ्या दिवशी टाके कसे घ्यायचे ते शिकवणार. थीसिसचा गाईड, परीक्षेचा परीक्षक आणि राउंडवर चारचौघांत पाणउतारा करणारा माणूस एकच असू शकतो.

अशा जागी तक्रारीचे दोनच मार्ग ठेवले तर काय होतं? एकीकडे गप्प बसणं आणि दुसरीकडे कुणाचं तरी करिअर संपवणारी, आणि आपल्यालाही सगळ्यांच्या डोळ्यांत आणणारी कारवाई. ज्यांचा अपमान झालाय, त्यांतल्या बऱ्याच जणांना या दोन्हींपैकी काहीच नको असतं. त्यांना हवं असतं ते साधं: 'हे घडलं' असं समोरच्याने कबूल करावं, पुन्हा करू नये, आणि ज्यांच्यादेखत झालं त्यांच्यादेखत ते मान्य करावं. हे मागायला खिडकीच नसते. मग माणूस गप्प बसतो.

त्या गप्प बसण्याची किंमत पेशंटही मोजतो. मागच्या वेळी फोन केल्यावर शिवी खाल्लेली ज्युनियर यावेळी रात्री तीनला फोन करण्याआधी दहा मिनिटं विचार करते. ती दहा मिनिटं त्या पेशंटची असतात.

वर्तुळात बसण्याआधी

या पद्धतीचं लोकांना माहीत असलेलं चित्र म्हणजे वर्तुळात मांडलेल्या खुर्च्या. मध्ये टेबल नाही. हातातून हातात जाणारी एखादी वस्तू, ती ज्याच्या हातात तोच बोलणार, बाकीचे ऐकणार. पण खरं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं.

प्रक्रिया चालवणारी व्यक्ती विभागाबाहेरची, प्रशिक्षण घेतलेली असावी लागते. ती आधी दोन्ही बाजूंना वेगवेगळं भेटते, कित्येकदा अनेक वेळा. ज्याच्या हातून घडलं त्याने ते घडल्याचं आधीच मान्य केलेलं असावं लागतं. वर्तुळ ही 'घडलं की नाही' ठरवायची जागाच नव्हे, त्यासाठी चौकशी असते. ज्याला इजा झाली त्याने ठरवायचं की बसायचं का, कधी बसायचं, सोबत कुणाला आणायचं. समोरासमोर यायचं नसेल तर पत्र चालतं, निरोप चालतो. मध्येच उठून जाता येतं. शेवटी जे ठरेल ते तारखांसकट कागदावर येतं, आणि तसं झालं का हे कुणीतरी काही महिन्यांनी तपासतं.

माझ्या त्या रात्रीचं असं काही झालं असतं तर मी काय मागितलं असतं, याचा मी पुष्कळदा विचार केलाय. हात मिळवणं नक्कीच नाही. त्या वॉर्डमध्ये, त्याच वेळी ड्युटीवर असलेल्यांसमोर, 'मी चुकलो' एवढं ऐकायचं होतं. आणि दुसरी एक गोष्ट पुढे आली असती, जी केबिनमध्ये कुणी विचारलीच नाही: रिपोर्ट आणायला निवासी डॉक्टरला चार मजले का उतरावे लागतात? आणि तो सिनियर आदल्या सकाळपासून झोपला नव्हता, ते रोस्टर कुणी लावलं होतं? याने त्याचा दोष कमी होत नाही. पण त्या रात्री मोडलेल्या हाडाचा एक तुकडा रोस्टरमध्ये होता आणि तिथे कुणी एक्स-रे काढला नाही.

हॅलिफॅक्समध्ये काय घडलं

आरोग्यशिक्षणात ही पद्धत जगाच्या डोळ्यांसमोर, प्रचंड वादात वापरली गेली ती कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात, हॅलिफॅक्समधल्या डलहौसी विद्यापीठाच्या दंतवैद्यक विभागात.

डिसेंबर 2014. शेवटच्या वर्षाच्या 13 मुलांचा फेसबुकवर एक खासगी गट होता. त्यात वर्गातल्या मुलींविषयी अत्यंत गलिच्छ मजकूर होता. कुणाशी द्वेषाने संभोग करायला आवडेल यावर मतदान घेतलं होतं, आणि स्त्रियांना क्लोरोफॉर्म देण्याचे 'विनोद' होते. भूल देण्याचं शिक्षण घेणाऱ्यांनी हे लिहावं, यातली भीती दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडून पडलेल्या कुणालाही कळेल. गटातल्याच एकाने तो मजकूर एका वर्गमैत्रिणीला दाखवला, तिथून तक्रार झाली आणि काही दिवसांत बातमी देशभर पसरली. निदर्शनं झाली. सगळ्यांना काढून टाका, या मागणीवर हजारो सह्या झाल्या.

विद्यापीठाच्या लैंगिक छळविरोधी धोरणात तक्रारदारांना दोन पर्याय होते: औपचारिक चौकशी किंवा सांधणारी प्रक्रिया. तक्रार करणाऱ्या मुलींनी दुसरा पर्याय निवडल्याचं अध्यक्ष रिचर्ड फ्लोरिझोन यांनी डिसेंबरमध्ये जाहीर केलं, तेव्हा लोक आणखी भडकले. सौम्य पर्याय, पाठीशी घालणं, असे आरोप झाले. जानेवारी 2015 मध्ये त्या 13 जणांना पेशंट तपासण्यापासून दूर ठेवण्यात आलं.

13 पैकी 12 मुलं प्रक्रियेत आली. तेराव्याने वेगळी वाट धरली. वर्गातल्या मुली आणि इतर मुलं धरून एकूण 29 विद्यार्थी सहभागी झाले. काम साधारण पाच महिने चाललं आणि मे 2015 मध्ये अहवाल जाहीर झाला. प्रक्रिया चालवणाऱ्यांत तिथल्या कायद्याच्या प्राध्यापक जेनिफर ल्युएलिन होत्या. मुलांना आधी वेगळं बसवून, आपण काय केलं आणि त्याचा कुणावर काय परिणाम झाला, हे समजून घ्यायला लावलं. मग वर्तुळं झाली. पात्रतेचा निर्णय वर्तुळाच्या हातात नव्हता. डॉक्टर म्हणून वागणूक योग्य आहे का, हे ठरवणारी विभागाची समिती वेगळी होती आणि मुलांना तिच्यासमोर उभं राहावंच लागलं.

मला त्या अहवालातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो मुलांपलीकडचा. चौकशी झाली असती तर ती 13 नावांवर थांबली असती. इथे प्रश्न पुढे गेला: हे बोलणं या इमारतीत एवढं सहज कसं झालं? मग क्लिनिकमधली जीवघेणी स्पर्धा, प्राध्यापकांचं वागणं, मर्जीतल्यांना झुकतं माप, तक्रार केली तर काही होत नाही हा अनुभव, असं बरंच बाहेर आलं. विद्यार्थ्यांच्या बैठकीची एक खोली होती, 'कॅव्हिटी' म्हणायचे तिला, म्हणजे दातातली कीड. तिच्या भिंतींवर विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलेला मजकूर होता, त्यात अश्लीलही होता. दातांतली कीड शोधायला शिकवणाऱ्या इमारतीत ती खोली तशीच राहिली होती. त्याच वर्षी जूनमध्ये कॉन्स्टन्स बॅकहाउस यांच्या स्वतंत्र समितीने आपला अहवाल दिला आणि या वातावरणावर बोट ठेवलं.

त्या चार मुली

पण हॅलिफॅक्सची गोष्ट इथे संपवली तर ती अर्धीच होईल. वर्गातल्या चार मुलींनी जानेवारीत अध्यक्षांना खुलं पत्र लिहिलं. आम्हाला ही प्रक्रिया नको आहे आणि ती स्वीकारण्यासाठी आमच्यावर दबाव येतोय असं वाटतंय, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुसरीकडे, प्रक्रियेत सहभागी झालेल्या मुलींनी मार्चमधल्या संयुक्त निवेदनात सांगितलं की ही वाट आम्ही विचार करून निवडली आहे, आमच्या वतीने बोलणाऱ्यांनी आम्हाला विचारलेलं नाही.

दोन्ही खरं असू शकतं. एकाच वर्गात, एकाच मजकुराने दुखावलेल्या दोघींना वेगवेगळ्या गोष्टींची गरज असू शकते. चूक तेव्हा होते, जेव्हा संस्था एकीची निवड सगळ्यांची निवड म्हणून जाहीर करते. सांधणारी प्रक्रिया सुरू होताना औपचारिक वाट तितकीच रुंद, तितकीच उघडी आणि तितक्याच सन्मानाची राहिली पाहिजे. डलहौसीत तिथेच चूक झाली, असं माझं मत आहे.

'ही तर तंटामुक्तीच झाली'

महाराष्ट्रातला वाचक हे वाचून लगेच म्हणेल, आमच्याकडे हे आहेच. 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आहे, समित्या आहेत, गावाला पुरस्कार आहेत. साम्य आहे, आणि धोकाही त्यातच दिसतो. तंटा मिटला की गावाला बक्षीस मिळणार असेल, तर मिटवणाऱ्याचा जीव मिटण्यात गुंततो, तुमच्या दुखण्यात गुंतत नाही. मेडिकल कॉलेजला बक्षीस नसतं, पण अब्रू असते, मान्यता असते, प्रवेशाच्या जागा असतात. म्हणून डीनच्या केबिनमध्ये किंवा विभागप्रमुखाने स्वतः चालवलेली बैठक सांधणारी होऊच शकत नाही.

याहून कडू आक्षेप जातपंचायतीचा आहे. गोल बसून 'समाजाने' निकाल द्यायचा, हे आपण पाहिलंय. त्यात बहिष्कृत झालेल्या कुटुंबांमुळेच महाराष्ट्राला 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. फरक ओळखायचा कसा? पंचायतीत बलवान बोलतो आणि दुबळा ऐकतो. इथे उलट व्हायला हवं. ज्या वर्तुळात ज्युनियर आधी बोलत नाही आणि सिनियर खाली मान घालून ऐकत नाही, ते वर्तुळ मोडून टाकावं.

'मग शिक्षा नाहीच?'

हा आक्षेप मला मनापासून पटतो, कारण सोप्या माफीने कुणाचंही समाधान होत नाही. पण ज्यांना इजा झाली त्यांच्यासमोर बसून, मध्ये वकील नाही, नियमाचं कलम नाही, अशा अवस्थेत 'तू असं का केलंस' याचं उत्तर देणं ही हलकी गोष्ट नाही. निलंबित झालेला मुलगा घरी जातो, सहा महिने स्वतःलाच बळी समजतो आणि परत येतो. त्याला कुणी प्रश्नच विचारलेला नसतो.

शिवाय एक दुसऱ्याला पर्याय असायलाच हवं असं नाही. निलंबनही असू शकतं, आणि परत येताना वर्तुळही. जिथे सुरक्षेचा प्रश्न आहे तिथे आधी माणसाला वॉर्डपासून दूर करायचं, मग बाकीचं.

आपल्याकडचा कायदा आणि लक्ष्मणरेषा

महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, आणि दोषी ठरलेल्याला काढून टाकल्यावर पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. 2009 मध्ये हिमाचलच्या टांडा इथल्या मेडिकल कॉलेजात अमन कचरू या विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले. त्यानुसार रॅगिंगची माहिती मिळाल्यापासून 24 तासांत संस्थाप्रमुखाने एफआयआर करायचा असतो. वैद्यकीय महाविद्यालयांसाठी राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे 2021 चे वेगळे नियम आहेत. याचा अर्थ साधा आहे: फौजदारी स्वरूपाचं रॅगिंग झालं असेल तर 'आधी वर्तुळात बसू, मग बघू' म्हणण्याचा अधिकार कुठल्याही कॉलेजला नाही.

लैंगिक छळाच्या 2013 च्या कायद्यात तडजोडीला जागा आहे, पण दोन अटींवर. मागणी फक्त पीडित महिलेनेच करायची, आणि पैसे हा तडजोडीचा आधार असता कामा नये. चार मुलींचं पत्र आठवा, आणि ही पहिली अट किती शहाणपणाची आहे ते बघा.

आणि जिथे जात आहे तिथे? 22 मे 2019 रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्र शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आयुष्य संपवलं. त्या तडवी भिल्ल या अनुसूचित जमातीतल्या होत्या. सिनियरांकडून जातीवरून छळ होत असल्याचं आम्ही आधीच सांगितलं होतं, असं त्यांच्या घरच्यांचं म्हणणं आहे. प्रकरण न्यायालयात गेलं, म्हणून दोषाविषयी मी लिहीत नाही. पण असं काही कानावर आल्यावर तोंडी समजूत घालणं हा उपाय नव्हे. अत्याचार प्रतिबंधक कायदा ज्या वागण्याला गुन्हा म्हणतो, ते कुणी खुर्च्या गोल मांडून हाताळू नये. छळलेल्याला छळणाऱ्यासमोर बसवणं हा तिथे दुसरा छळ ठरेल.

मग जागा कुठे उरते

बरीच उरते, आणि ती रोजच्या आयुष्यातली आहे. राउंडवर पेशंटसमोर काढलेली लाज. मराठी माध्यमातून, मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेल्या मुलाच्या इंग्रजीवर खिदळणं. इथे एक सावधगिरी हवी: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत 2016 साली झालेल्या दुरुस्तीनंतर भाषा, प्रदेश, जात, दिसणं यांवरून दिलेला मानसिक त्रासही रॅगिंगच्या व्याख्येत येतो. म्हणजे मुलाने तक्रार म्हणून दिली की ती नियमानेच जायला हवी. वर्तुळ त्याच्या आधीच्या जागेत असतं, जेव्हा वाक्य अजून फक्त टोचलंय आणि सवय झालेली नाही. सिस्टर आणि निवासी डॉक्टर यांच्यातली धुसफूस, दोन युनिटांतली भांडणं, पेशंट दगावल्यावर एकमेकांवर ढकललेला दोष, हे सगळं तिथलंच.

याची तयारी भांडणाआधी करावी लागते. टर्म सुरू होताना नव्या निवासी डॉक्टरांना युनिटसोबत बसवून 'रात्री कुणाला फोन करायचा, आणि केल्यावर कसं बोललं जाईल' एवढं ठरवलं, तर तेही वर्तुळच. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने प्राध्यापकांना हे शिकवायचे वर्ग घेतले आहेत. आपल्याकडेही आधी प्राध्यापकांनाच शिकवावं लागेल. ज्युनियरवर ओरडणारा सिनियर कुणाकडे बघून ओरडायला शिकला, हे राउंडवर उभं राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

एखाद्या विद्यार्थिनीला उद्या कुणी म्हणालं की आपण बसून बोलू, तर तिने बसण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. बैठक कोण चालवणार, आणि ती व्यक्ती माझ्या विभागातली आहे का? समोरच्याने घडलेलं मान्य केलंय का? मी नाही म्हटलं तर काय होईल? तिसऱ्या प्रश्नाला 'काही नाही, तुमची तक्रार आजच समितीकडे जाईल' असं उत्तर सहीनिशी आलं, तर बसायला हरकत नाही. ते उत्तर यायला वेळ लागत असेल, तर 1800-180-5522 हा रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि तिथे नाव न सांगताही बोलता येतं.